मोजता आलं पाहिजे: नव्या आशाताईसाठी प्रशिक्षणाची वाट

ग्रामसभेत तुमचं नाव पुकारलं गेलं, ठराव झाला, सरपंचांनी सही केली. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला असेल, "पगार किती?" आणि तुम्हाला नीट उत्तर देता आलं नसेल. माझंही तेच झालं होतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मी आशा म्हणून काम सुरू केलं, पुढे गटप्रवर्तक, म्हणजे वीसेक आशांचं काम बघणारी, झाले आणि आता नव्या ताईंच्या प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसून बघत असते, कोण वही भरतंय आणि कोण हात चालवतंय. पैशाचं उत्तर पुढे देते. आधी कामाचं.

आशा म्हणजे मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातलं हे पद. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, डोंगराळ आणि आदिवासी भागात वस्ती-पाडा बघून. महाराष्ट्रात आपण सत्तर हजारांहून जास्त जणी आहोत. पण गावच्या बाईलाच शिकवून गावचं आरोग्य बघायचं, ही कल्पना २००५ ची नाही. आमच्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायांना, त्यातही अक्षरओळख नसलेल्या बायांना, हे काम शिकवलं. तेव्हा "मी आठवीच शिकलेय, मला जमेल का?" हा प्रश्न मनातून काढून टाका. आठवीला जमतं. मोजायला मात्र शिकावं लागतं. का, ते वाचता वाचता कळेल.

पहिली पायरी: कागद

ठरावाची प्रत, शाळेचा दाखला, रहिवासी असल्याचा पुरावा, आधार, बँकेचं पासबुक, चार फोटो. यादी छोटी आहे, घोळ मोठा होतो, आणि तो बहुतेक वेळा नावाचा असतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात नवऱ्याचं नाव मधे नाही, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. मोबदला थेट खात्यात जमा होतो आणि नाव जुळलं नाही तर पैसे परत जातात. माझे पहिले चार महिन्यांचे पैसे आडनावातल्या एका जास्तीच्या अक्षरापायी अडकले होते. बँकेत गेले की कचेरीत जा म्हणायचे, कचेरीत गेले की बँकेत. म्हणून प्रशिक्षणाची तारीख यायच्या आधीच आधार आणि पासबुक समोरासमोर ठेवा, अक्षर न् अक्षर ताडून बघा, केवायसी पूर्ण करून घ्या.

खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर असू द्या. हे का सांगतेय ते प्रत्येकीला कळतं.

दुसरी पायरी: प्रशिक्षणाची वाट बघत बसू नका

निवड झाली की लगेच सोमवारी प्रशिक्षण, असं होत नाही. तालुक्यात पुरेशा नव्या आशा जमल्या की मग तुकडी लागते. मधे महिना जाईल, कधी जास्तही. त्या काळात दोन गोष्टी करा.

एक, गावाचा नकाशा. चित्रकला लागत नाही. मंदिर, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, हातपंप, वस्त्या आणि कुठल्या वस्तीवर पावसाळ्यात ओढा आडवा येतो ते. ओढा विसरू नका. रात्री दोनला गाडी बोलवायची वेळ आली की हाच नकाशा डोक्यात लागतो.

दोन, घरांची यादी. प्रत्येक घरात किती माणसं, किती बायका पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या, कोण गरोदर, पाच वर्षांखालची लेकरं किती, तीस वर्षांपुढची माणसं किती. ही यादी नंतर सर्वेक्षणाच्या नोंदवहीत जाणारच आहे. पण आत्ताच एकदा घरोघर फिरलात तर लोकांना तुमचा चेहरा कळतो. आणि कुठलं घर दारातूनच बोळवतं, तेही कळतं. त्या घराला मनात खूण करून ठेवा. पहिलं अवघड बाळंतपण बहुधा तिथलंच असतं.

या फेरीत कुणालाही औषध सांगू नका. "अगं तू आता डॉक्टरीणबाई" म्हणून चिडवतील. हसायचं आणि पुढच्या घरी जायचं.

ओळखी करून घ्यायच्या त्या अशा. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविका, म्हणजे गावच्या भाषेत नर्सबाई. आरोग्य सेवक. आता बऱ्याच उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारीही असतात, त्यांना सगळे सीएचओ म्हणतात, आणि उपकेंद्राच्या पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक असते, तिचा नंबर सगळ्यात वर ठेवा. तालुक्याला तालुका समूह संघटक, जिल्ह्याला जिल्हा समूह संघटक. सगळ्यांना "मॅडम" म्हणायची गरज नाही. अंगणवाडीच्या ताई तुमच्या बरोबरीच्या आहेत. त्यांच्याशी पटलं तर निम्मं काम सोपं होतं, आणि बिनसलं तर लसीकरणाच्या दिवशी सगळ्या गावासमोर दिसतं.

तिसरी पायरी: पहिले आठ दिवस

नव्या आशेला आधी आठ दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं. सगळे त्याला इंडक्शन म्हणतात. पूर्वी पहिल्या पाच पुस्तिका वर्षभरात टप्प्याटप्प्यानं शिकवायचे, आता त्यांचं सार या आठ दिवसांत बसवलंय. आशेची भूमिका, गरोदरपण आणि बाळंतपण, नवजात बाळ, लेकरांचे आजार, पोषण, लसीकरण, कुटुंब नियोजन, किशोरवयीन मुली, क्षयरोग, हिवताप, गावची आरोग्य समिती. सगळं डोक्यात राहणार नाही. राहूही नये, पुस्तिका त्यासाठीच देतात.

प्रशिक्षण बहुतेक निवासी असतं. घरून पहिल्यांदाच आठ दिवस बाहेर राहणाऱ्या ताया मी कितीतरी बघितल्या. पहिल्या रात्री फोनवर स्वयंपाक शिकवत असतात. अंगावर पिणारं बाळ असेल तर आधीच गटप्रवर्तकांना सांगा. सोबत एखादी नणंद किंवा आई आणता येते का, राहायची सोय कशी आहे, ते विचारून ठेवा. चादर, नेहमीच्या गोळ्या, चष्मा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ न्या. चष्मा म्हणतेय ते वय म्हणून नाही. थर्मामीटरचे आकडे बारीक असतात आणि "दिसत नाही" म्हणायची लाज वाटून अंदाजे आकडा लिहिणाऱ्या मी बघितल्यात.

सुरुवातीला एक छोटी चाचणी घेतात, शेवटी पुन्हा तीच. पहिल्या चाचणीत शून्य आलं तरी काही बिघडत नाही. शेजारणीचं बघून लिहिलं तर मात्र तुम्हाला काय येत नाही ते शिकवणाऱ्याला कळत नाही आणि ते तुमच्यावरच उलटतं.

रोल प्ले करायला लाजू नका. एक जण सासू, एक सून, एक आशा. बायका हसतात, सासू झालेली तर जास्तच रंगात येते. पण खऱ्या घरात जे वाक्य तोंडातून निघत नाही ते इथं एकदा निघालेलं बरं. पहिल्या दुधाचं उदाहरण घ्या. अजूनही काही घरांत चीक पिळून टाकतात. तिथं "चिकात रोगप्रतिकारक घटक असतात" असं पुस्तकातलं वाक्य म्हणालात तर आजी तोंड फिरवतील. "आजी, म्हैस व्याली की पारडाला पहिला चीक पाजता का टाकता?" एवढंच विचारा. उत्तर त्याच देतात.

हात धुणं शिकवतात तेव्हा अर्धा वर्ग कंटाळतो. "आम्हाला हात धुता येत नाहीत होय?" खरं सांगू, येत नाहीत. बाळाला हात लावायच्या आधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत हात ओले करायचे, साबण लावून तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगट सगळं चोळायचं, आणि धुतल्यावर हात वर धरून हवेत वाळवायचे. पदराला पुसायचे नाहीत. पदराला पुसलेला हात म्हणजे न धुतलेला हात. बांगड्यांवरून कुरकुर होते. सुवासिनीनं बाळंतिणीच्या खोलीत बांगड्या उतरवायच्या म्हणजे काय! मी एका घरी हेच ऐकलं. तेव्हापासून बांगड्या उंबऱ्याबाहेर, पिशवी उघडतानाच काढून आतल्या कप्प्यात टाकते आणि मग आत जाते. वादच होत नाही.

चौथी पायरी: सहावं आणि सातवं मॉड्यूल. इथं घाई नको

मॉड्यूल म्हणजे पुस्तिकाच. पहिल्या पाचांनंतरच्या या दोन, आणि आठ दिवसांनंतरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. वीस दिवस, चार फेऱ्यांत, एकेक फेरी पाच दिवसांची. मधल्या काळात गावात जाऊन सराव करायचा आणि पुढच्या फेरीत दाखवायचा. हे प्रशिक्षण ज्या अनुभवावर उभं आहे तो आपल्याच राज्यातला, गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून ३९ गावांत अभ्यास केला. गावातल्याच बायांना, त्यांना ते आरोग्यदूत म्हणतात, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून बघितलं तर तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा हा कार्यक्रम, एचबीएनसी, देशभरातल्या आशांकडे आला. एक फरक लक्षात ठेवा. तिथल्या आरोग्यदूत जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. आपल्याला इंजेक्शन द्यायचा अधिकार नाही, कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

मग आपल्या हातात काय आहे? मोजणं. श्वास, वजन, ताप, दिवस. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, पण योग्य वेळी योग्य आकडा तुमच्याकडे असेल तर बाळ वेळेवर दवाखान्यात पोचतं.

श्वासापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. बाळ शांत पाहिजे. रडत नको, दूध पीत नको. अंगडं वर करायचं, छातीकडे आणि पोटाकडे एकत्र बघायचं, पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मधेच भराभर घेतं, मधेच थांबल्यासारखं होतं. अर्ध्या मिनिटाचा हिशोब इथं फसवतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजायचं. दुसऱ्यांदाही ६० किंवा जास्त भरले तर तो धोका. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही सीमा ५०, एक ते पाच वर्षांना ४०. हे तीन आकडे घराच्या दाराच्या आत खडूनं लिहून ठेवा, येता-जाता दिसतील. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडा काहीही असू दे, पाठवायचं.

मी नव्या ताईंना एक काम सांगते. दुसऱ्या फेरीला यायच्या आधी गावातली दहा लेकरं मोजून या. आजारी नकोत, चांगली खेळती. चांगलं लेकरू कसा श्वास घेतं ते डोळ्यांत बसलं की बिघडलेलं लगेच उठून दिसतं. बहुतेक जणी तीन मोजून दहा लिहितात. मला कळतं, कारण दहाही आकडे चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असे गुळगुळीत असतात. खरा आकडा कधी त्रेचाळीस येतो, कधी सदतीस.

वजनाचा काटा स्प्रिंगचा, झोळीचा. रिकामी झोळी अडकवून आधी शून्यावर आणायचा. बाळाच्या अंगावर कमीत कमी कपडा. काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, खालून किंवा वरून बघितलं तर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो. नवजात बाळाला तेवढा फरक फार मोठा. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ, जास्त जपायचं. एक किलो आठशे ग्रॅमच्या खाली असेल तर घरी ठेवायचंच नाही, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात पाठवायचं. सरावाला बाळ मिळत नसेल तर किराणा दुकानातून दोन किलोची साखरेची पुडी आणा आणि झोळीत घाला. काट्यावर दोन किलो दिसले नाहीत तर चूक काट्याची की तुमच्या डोळ्याची, ते शोधा.

ताप काखेत मोजायचा. काख कोरडी करून, थर्मामीटर घट्ट धरून, आवाज येईपर्यंत. साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियस ठीक. बाया तापाला घाबरतात, पण गार पडलेलं बाळ जास्त फसवतं, कारण ते रडत नाही. "शांत झोपलंय बघा" म्हणतात. तळपाय गार आणि बाळ सुस्त असेल तर उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं, डोक्याला टोपडं, वरून पांघरूण, आणि दवाखान्याच्या वाटेलाही तसंच. बाजेखाली शेगडी ठेवून शेक-धुरी देणाऱ्या घरांत जपून बोला. ऊब पाहिजे हे त्यांचं बरोबर आहे, धूर चूक आहे. "ऊब द्यायची तर आईच्या अंगाची द्या" म्हटलं की आजींना आपला मान राहिला असं वाटतं.

या सगळ्याचा उपयोग फोनवर कळतो. "मॅडम, बाळ कसंतरी करतंय" असं सांगितलं तर पलीकडचा माणूस म्हणतो, उद्या घेऊन या. आणि असं सांगितलं तर: "बाळ बारा दिवसांचं, वजन दोन किलो तीनशे, श्वास ६८, दोनदा मोजले, कालपासून ओढून पीत नाही, १०८ ला फोन केलाय." पलीकडचा आवाज बदलतो. मी हे स्वतः ऐकलंय. आठवी शिकलेल्या बाईला डॉक्टर दुसरा प्रश्न विचारतात ते या आकड्यांमुळे.

पाचवी पायरी: दिवस मोजणं

गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. त्यासाठी शेवटच्या पाळीची तारीख लागते आणि तारीख कुणालाच आठवत नसते. सण आठवतात. "नागपंचमीला डोकं धुतलं होतं का? पोळ्याला माहेरी होतीस तेव्हा पाळी होती का?" असं विचारत गेलं की चार दिवसांच्या फरकानं तारीख सापडते. म्हणून पिशवीत कालनिर्णय पाहिजे, तिथी आणि तारीख दोन्ही असलेलं. मग शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. पाळी १ नोव्हेंबरला आली असेल तर बाळंतपण ८ ऑगस्टच्या आसपास. ती तारीख माता बाल संरक्षण कार्डावर, तुमच्या डायरीत आणि घरातल्या कर्त्या बाईच्या डोक्यात, तिन्ही ठिकाणी गेली पाहिजे.

बाळंतपणानंतर दवाखान्यात झालेल्या बाळाला सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशी एक जास्तीची. सिझेरियन होऊन आई आठवडाभर दवाखान्यात राहिली तर घरी आल्यावर सातव्या दिवसापासून. जन्माचा दिवस हा पहिला दिवस धरायचा, इथं नव्या ताया हमखास एकानं चुकतात. १० जूनला बाळ झालं तर तिसरा दिवस १२ जून, १३ नव्हे. पुढे १६, २३, ३० जून, ७ जुलै आणि २१ जुलै. फॉर्म हातात आल्याबरोबर सगळ्या तारखा आधीच लिहून टाका. पाचवीच्या पूजेला घरात गर्दी असते, तेव्हा तुम्हालाही बोलावतील. जा, पेढा घ्या, पण ती भेट तपासणीची म्हणून लिहू नका.

आता आपल्याकडची खास अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की सून तुमच्या यादीतून गायब आणि दुसऱ्या तालुक्यातल्या ताईच्या गावात हजर, पण तिच्या यादीत नाही. मधल्यामधे बाळाच्या भेटी कुणीच करत नाही. उपाय एकच: ओटीच्या दिवशीच माहेरच्या गावाचं नाव आणि तिथल्या आशेचा नंबर काढायचा, तिला फोन करायचा, आणि कार्ड बाईच्या पिशवीत गेलंय ना ते डोळ्यांनी बघायचं.

आमच्याकडे याहून मोठी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या उठतात आणि गाव अर्धं रिकामं होतं. पोटुशी बाईसुद्धा कोयता घेऊन जाते, कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. निघायच्या आधीच्या आठवड्यात माझ्या आशा ट्रॅक्टरपाशी उभ्या असतात. कार्ड, लोहाच्या गोळ्या, लेकराची राहिलेली लस, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर. लस घ्यायची तारीख कार्डाच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहून देतात, म्हणजे कारखान्याजवळच्या नर्सबाईंना समजतं. आणि पाळीच्या त्रासाला कंटाळून गर्भपिशवी काढायचा विचार करणारी बाई भेटली तर तिला तिथल्या तिथं "नको" म्हणू नका, ती दुसऱ्या दिवशी एजंटाबरोबर जाईल. आधी सरकारी दवाखान्यात तपासून घेऊ, मी सोबत येते, एवढंच म्हणा. बीडमधल्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यानं चौकशी समिती नेमली होती. त्या बायांनी काय सोसलं ते आम्ही घरोघरी ऐकलंय.

पैसे: हेही मोजायचंच

आता सासूबाईंचा प्रश्न. आशा ही स्वयंसेविका, तिला मोबदला मिळतो, पगार नाही. हे न्याय्य आहे का, यावर मोर्चे निघालेत, संप झालेत, मीही बसले आहे. पण आज आहे ते असं. ठरावीक कामांसाठी केंद्राचा महिन्याचा मोबदला २०१८ पासून दोन हजार होता, २०२५ मध्ये तो साडेतीन हजार करायचा निर्णय झाला. २०२३ च्या संपानंतर राज्यानं मार्च २०२४ मध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ मंजूर केली, नोव्हेंबर २०२३ पासूनची. त्याखेरीज कामागणिक मोबदला. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. पुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या भेटींना प्रत्येकी ५०. पहिल्या वर्षात लसीकरण पूर्ण झालं की १००, दुसऱ्या वर्षाचं ७५. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या पात्र मातेमागे ६००, त्यातले तीनशे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, तीनशे दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. क्षयरोगाच्या नेहमीच्या रुग्णाचे औषधोपचार पूर्ण करून घेतले की हजार. दर बदलत राहतात, म्हणून चालू तक्ता गटप्रवर्तकांकडून मागून घ्या आणि डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

भेट झाली त्याच संध्याकाळी लिहा. महिनाअखेरीला आठवून आठवून क्लेम, म्हणजे मोबदल्याच्या मागणीचा कागद, भरणारीचे पैसे नेहमी कमी येतात, आणि आठवून भरलेल्या तारखा दुसऱ्या नोंदवहीशी जुळत नाहीत. आईची सही, नर्सबाईंची सही, तारीख, तीन गोष्टी नसतील तर ते काम झालंच नाही असं कचेरी धरते. क्लेम देताना फोटो काढून ठेवा. खात्यात आलेली रक्कम क्लेमशी ताडून बघा, आणि कमी असेल तर पुढच्या मासिक बैठकीत सगळ्यांसमोर शांतपणे विचारा. विचारणारीच्या फाईलकडे पुढच्या वेळी जरा नीट बघतात.

पुढचं शिक्षण

वीस दिवस झाले म्हणजे संपलं असं नाही. असंसर्गजन्य आजारांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण येतं. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो, त्याला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला इतिहास, यांचे गुण मिळवायचे आणि चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. कंबरेचा घेर पुरुषांचा मोजताना अवघड वाटतं. टेप त्यांच्याच हातात द्या, तुम्ही आकडा वाचा. लहान लेकरांच्या घरभेटींचं, क्षयरोगाचं, कुष्ठरोगाचं प्रशिक्षणही अधूनमधून असतं. यातलं एकही चुकवू नका, भले शेतात कापूस फुटलेला असो.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, एनआयओएसची, आशांसाठी प्रमाणपत्र परीक्षा आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. संधी आली की नाव द्या. प्रात्यक्षिकात पुन्हा तेच येतं: हात धुणं, वजन, ताप, श्वास. ज्या ताईनं खरोखर दहा बाळं मोजलीत तिला परीक्षेची भीती नसते. बारावी झालेली असेल तर एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही करता येतो. बारावी राहिली असेल तर तीही मुक्त विद्यालयातून होते. माझ्या गटातल्या एकीनं मुलीबरोबरच बारावीचा फॉर्म भरला. मुलीला तिच्याहून चार टक्के जास्त पडले, ते ती अजून सांगते.

पहिल्या भेटीला निघताना

पिशवी आदल्या रात्री भरा. काटा आणि झोळी, थर्मामीटर (सेल तपासून), घड्याळ, साबण, स्वच्छ फडकं, बाळाची दुलई, ओआरएस, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या, गरोदरपण तपासायची पट्टी, भेटीचा फॉर्म, दोन पेनं, कालनिर्णयाचं पान. औषधांवरच्या तारखा बघा. मुदत गेलेल्या गोळ्या देऊ नका आणि टाकूही नका, उपकेंद्रात परत करून नोंद घ्या.

घरात शिरल्यावर आधी आईला विचारा, "तुम्ही जेवलात का?" मग बाळाकडे वळा. सगळे बाळाकडेच बघतात. बाळंतिणीला किती अंगावर जातंय, ताप आहे का, झोप लागते का, हे कुणी विचारलेलं नसतं. दिवसाला पाचच्या वर घड्या बदलाव्या लागत असतील, घाण वास येत असेल, झटके किंवा जोराचं डोकं दुखत असेल, तर बाळाच्या आधी आईला गाडीत बसवायचं.

तपासून झालं की आकडे घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. वजन दोन किलो सातशे, श्वास बेचाळीस, ताप नाही. पुढची भेट अमुक तारखेला, वार अमुक. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजोबांनाच गोल करायला सांगा. त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला तर निरोप तेच पाठवतील.